‘टँकरच्या गावात तलाव कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

पोहणं शिकायला गावात छोटा तलाव हवा, असं मी लेखात सुचवलं होतं. त्यावर बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका वाचकाने लिहिलंय: ‘उन्हाळ्यात टँकर येतो त्या गावात लाखो लिटर पाण्याची नासाडी करणारा पोहण्याचा तलाव? जीवरक्षकाचा पगार कोण देणार? आमच्या पिढ्या विहिरीत आणि मलप्रभा नदीत शिकल्या. ही सगळी कंत्राटदारांची दलाली.’

मतभेद असू देत ओ, पण ‘दलाली’? लेख शेवटपर्यंत वाचून शिवी हासडली असती, तर ऐकूनही घेतली असती. पंप आणि फिल्टर यांतच माझी उमर गेली, त्यामुळे आकड्यांतच बोलतो.

मी सुचवलेला तलाव 15 बाय 6 मीटरचा, सरासरी खोली एक मीटर. म्हणजे 90 हजार लिटर. ‘लाखो’ आले कुठून? आणि हे पाणी रोज बदलायचं नसतं. चार तासांत ते सगळं एकदा वाळूच्या फिल्टरमधून फिरतं. त्याला तासाला साडेबावीस हजार लिटर ओढणारा पंप आणि मीटरभर व्यासाचा फिल्टर पुरतो. उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर बाष्पीभवन धरा, 450 लिटर उडतात. आठवड्याच्या बॅकवॉशला, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुवायला, दोनेक हजार. महिन्याकाठी मोठे दोन टँकर, बस्स.

नासाडी होते ती हयगयीने. वीजबिल वाचवायला पंप बंद ठेवतात, क्लोरीन भर उन्हात टाकतात आणि ते उन्हातच उडून जातं. पाणी हिरवं झालं की सगळं गटारात. क्लोरीन संध्याकाळी टाकायचं: 65 टक्के क्लोरीनच्या हायपोक्लोराइट पावडरीचे 140 ग्रॅम म्हणजे या तलावात एक पीपीएम (दहा लाख भाग पाण्यात एक भाग क्लोरीन). एक ते तीन पीपीएम राखा, पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचं माप, 7.2 ते 7.8. स्वस्तातली ब्लीचिंग पावडर ओतलीत, तर पाणी गढूळ आणि चुन्याने फिल्टर गच्च. पावसाळ्यात तर तलाव रिकामा करूच नका. तुमच्याच भागात तेव्हा जमिनीतलं पाणी वर येतं. रिकामी टाकी खालून उचलली जाते, तडकते. तळात रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे खालच्या पाण्याचा दाब सोडणारी झडप, बसवायची ती यासाठीच.

पगाराचा मुद्दा रास्त. ती तरतूद पंचायतीने बांधकामाआधीच करावी.

राहिल्या विहिरी. पाठीला डबा बांधून शिकलेले आज बोलायला आहेत; बुडालेले प्रतिक्रिया लिहीत नाहीत. तळातल्या निचऱ्याची जाळी काठावरून स्पष्ट दिसत नसेल, तर त्या दिवशी कुणालाही पाण्यात उतरवायचं नाही, हा तलावाचा नियम. जुलैतल्या मलप्रभेत तो पाळून दाखवा, मग पिढ्यांचं बोलू.