मार्च १९८३च्या बॅचसाठी काही मोलाच्या सूचना

स्नेहमेळाव्याला जायचं की नाही हा निर्णय तुमच्या हातात राहिलेला नाही, हे आधी मनाशी पक्कं करा. तुम्हाला ग्रुपमध्ये घेतलेलं आहे. नंबर कोणी दिला याचा तपास करू नका; बायकोनेच दिला असेल तर उगाच घरात वाद. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपात १०२४ माणसं मावतात आणि आपला वर्ग जेमतेम पन्नासाचा, तेव्हा गर्दी झाली म्हणून बाहेर पडलो ही सबब टिकणार नाही. हल्ली ग्रुप सोडला की फक्त अ‍ॅडमिनला कळतं, हे खरं. पण अ‍ॅडमिन कोण आहे ते एकदा बघून घ्या. सर वर्गात नसताना फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायचा, तोच. त्याने अजून खडू खाली ठेवलेला नाही.

तारीख अमेरिकेतल्या मित्राच्या सोयीने ठरवायची. गावात राहणारे दहा-पंधराजण कायम मोकळेच असतात, असं गृहीत धरायचं. कोणाच्या उसाला तोड आलेली असो, कोणाच्या दारात मांडव असो. तो डिसेंबरअखेर येणार म्हणून सगळ्यांनी डिसेंबरचा शेवटचा रविवार धरायचा, हॉलवाल्याला विसार द्यायचा, टी-शर्ट छापायला टाकायचे आणि मग त्याने 'यंदा जमत नाही रे' असं कळवायचं, हा शिरस्ता आहे. त्याला व्हिडिओ कॉलवर घ्या. आपले सकाळचे अकरा म्हणजे न्यूयॉर्कचे रात्रीचे साडेबारा. मित्र झोप मोडून बसलाय, हे निवेदकाने निदान तीनदा सांगायचं. चार तास एसटीत उभं राहून आलेल्या बाईचा उल्लेख नको. तिला १७ मार्च २०२३पासून निम्मं तिकीट आहे, आणखी काय द्यायचं?

आता मुख्य विषय. बॅच म्हणजे कोण? इथे भावनेच्या भरात वाहून जाऊ नका. आपण 'मार्च १९८३' आहोत. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर तसं छापलंय आणि टी-शर्टच्या पाठीवरही तेच छापायचंय. म्हणजे ज्यांनी इंग्रजीत नाहीतर गणितात गटांगळी खाल्ली आणि ऑक्टोबरची वारी केली, ते कागदोपत्री आपले नव्हेत. पाचवीपासून तुमच्या बाकावर बसले असतील, तुमच्या डब्यातलं लोणचं त्यांनी संपवलं असेल, पण निकाल तो निकाल. त्यातून तुमची तुकडी 'अ' असेल तर आणखी काटेकोर राहा. 'क' तुकडीवाल्यांनी आपला वेगळा मेळावा घ्यावा. वेगळं बसायची त्यांना तेव्हापासून सवय आहे. 'अरे, नापास झाला तरी तो आपल्यातलाच ना?' अशी शंका काढणारा एखादा निघतोच. त्याला शांतपणे सांगा की २०१५पासून फेरपरीक्षा जुलैत व्हायला लागली, आता पोरांचं वर्ष वाचतं. आपल्या वेळच्यांचं वाचलं नाही, त्याला समिती काय करणार?

जे नववीतच शाळा सोडून गेले त्यांचा प्रश्न तर कधीच मिटलेला. एक अपवाद मात्र करावा लागतो. नववीत शाळा सोडलेला एकजण गावातच असतो आणि त्याचा मांडव-केटरिंगचा धंदा जोरात चाललेला असतो. त्याला बोलवायचं नसतं. ऑर्डर द्यायची असते.

मुलींना शोधणं हे पोलिसी काम आहे. हजेरीपटावरचं नाव अक्षता पडल्या त्या दिवशी संपलं. आडनाव गेलं, मधलं वडलांचं नाव गेलं, आणि पुष्कळजणींचं स्वतःचं नावही तांदळाच्या ताटात अंगठीने नवं लिहिलं गेलं. फेसबुकवर शोधून काही हाती लागत नाही. तेव्हा भावाला गाठा. भाऊ आधी विचारेल, 'कशाला?' तुम्ही 'शाळेचं आहे' म्हणा. तो म्हणेल, 'दाजींशी बोलून सांगतो.' अठ्ठावन्न वर्षांच्या बाईने दिवसाढवळ्या दहा ते पाच आपल्याच शाळेत जावं, यासाठी तिच्या नवऱ्याची परवानगी तिच्या भावामार्फत मिळवणं ही समितीची मोठीच कामगिरी आहे, अहवालात नोंदवा. ज्यांना मिळाली नाही त्यांच्या नावापुढे 'घरगुती अडचण' असं लिहायचं. आणि ज्या आल्या त्यांना फाटकातच 'काय गं, किती बदललीस!' म्हणा. शाळेच्या सहा वर्षांत ज्यांच्याशी एक वाक्य बोलायची तुमची छाती झाली नाही, त्यांना अगं-तुगं करायचा हक्क ग्रुपने तुम्हाला बहाल केलेला आहे. त्या 'तुम्ही कोण?' म्हणाल्या तर मोठ्याने हसून पुढे जा.

फेटे बांधून झाले, बाकावर बसून फोटो झाला (बाकातून उठताना दोघांनी हात द्यायचा, ड्रोन तेव्हा वर असू नये), की दिवंगतांना श्रद्धांजली. दोन मिनिटं जाहीर करायची आणि अर्ध्या मिनिटात बसायचं, कारण ड्रोनवाला तासावर पैसे घेतो. या यादीपुरती मार्च-ऑक्टोबरची अट शिथिल करा. फ्लेक्सवर फोटोंच्या दोन ओळी सारख्या भरल्या पाहिजेत.

मग परिचय. मेळाव्याचा प्राण इथे आहे, बाकी सगळं निमित्त. 'प्रत्येकाला दोन मिनिटं' असं निवेदक सांगेल. ते पाणी अडवा, पाणी जिरवासारखं भिंतीवर रंगवण्यापुरतं असतं. राज्य सरकारात निवृत्ती अठ्ठावन्नला. म्हणजे आपल्यातले सरकारी लोक नुकतेच खुर्चीवरून उठलेत आणि खुर्ची त्यांच्या अंगातून अजून उठलेली नाही. चाळीस माणसं एका जागी बसून ऐकतायत असा योग त्यांना निरोप समारंभानंतर पहिल्यांदाच आलेला असतो. महसूलवाला त्याच्या सगळ्या बदल्या तालुकावार सांगेल. पाटबंधारेवाला तो नसता तर कुठल्या धरणाचं काय झालं असतं ते सांगेल. बँकवाल्याला साठपर्यंत मुदत आहे. तो अजून 'चालू' असल्यामुळे त्याचा रुबाब वेगळा, तो उभा राहतो तेव्हाच घड्याळाकडे बघतो.

तुमची पाळी आली की सुरुवात 'मी काही विशेष केलेलं नाही' अशीच करा. या वाक्यानंतर सात मिनिटांच्या आत कोणी थांबल्याचं ऐकिवात नाही. पगार सांगणं असभ्य. त्याऐवजी कापलेल्या प्राप्तिकराची तक्रार करा, आकडा ज्याचा तो काढतो. घर मोठं आहे असं म्हणू नका, 'एवढं झाडायला-पुसायला माणूस मिळत नाही' म्हणा. मुलगा कॅनडात आहे हे सांगताना चेहरा जरा पडलेला ठेवा. 'काय उपयोग? एवढ्या घरात आम्ही दोघंच.' हे ऐकून ज्याचा मुलगा स्पर्धा परीक्षेच्या कितव्या तरी प्रयत्नात पुण्यात खोली घेऊन राहिलाय, तो बुटांकडे बघायला लागतो. तो तसा बघेपर्यंत थांबा आणि मगच मुलीकडे वळा.

बऱ्याचजणी माईक हातात घेऊन 'मी गृहिणी' एवढंच म्हणतील आणि माईक पुढे देतील. चार सेकंद. त्यांच्या वाट्याची उरलेली एक मिनिट छप्पन्न सेकंदं वाया जाऊ देऊ नका. निवृत्त उपसंचालक खोळंबलेत. एखादी मात्र अवचित बोलायला लागेल. सासऱ्यांचं अंथरुणातलं सगळं केलं, सासूबाईंचं केलं, मग पन्नाशीला बाहेरून बी.ए.ला बसले, सून अभ्यास घ्यायची, असं काहीतरी. सभागृह एकदम गप्प होतं. ही परिस्थिती हाताबाहेर जाण्याआधी निवेदकाने 'वा, प्रेरणादायी!' म्हणून पुढचं नाव पुकारायचं.

गुरुजनांचा सत्कार करताना शाल, श्रीफळ आणि सरांना धरायला एक दणकट माणूस एवढी तयारी हवी. पाया पडताना तुमचा गुडघा आणि सरांचा तोल हे दोन्ही एकदम सांभाळायचं असतं. 'सर, ओळखलंत का?' असं मात्र चुकूनही विचारू नका. सरांना लक्षात राहतात ते मार खाणारे. पहिल्या पाचातले त्यांच्या दृष्टीने सगळे एकाच चेहऱ्याचे, तेल लावून भांग पाडलेले. ते अमेरिकावाल्याच्या पडद्याकडे बघून 'हा कोण?' असं माईकवर विचारतील, आणि लगेच, 'तो रे, मधल्या सुट्टीत विहिरीवर पोहायला पळायचा, तो कुठंय?' तो मागच्या बाजूला चुलाण्यावरून मसालेभाताचं पातेलं उतरवत असतो. 'आहे सर, येईल' म्हणा आणि शाल पुढे करा.

यानंतर 'सरांच्या छडीमुळे आम्ही घडलो' हे वाक्य निदान पाचजणांनी म्हणायचं. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने मारायला बंदी घातली म्हणून आजची पिढी वाया गेली, असं सहाव्याने म्हणायचं. ज्यांनी सगळ्यात जास्त छड्या खाल्ल्या ते कितपत घडले, हे तपासायच्या भानगडीत पडू नये. ते मार्च १९८३मध्ये मोडत नाहीत.

आजच्या मुख्याध्यापकांचं भाषण चहाच्या गडबडीत उरकून घ्या, कारण ते पटसंख्येवर बोलतात. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे शिक्षकांच्या सरकारी मंजुरीत, शिक्षक कमी होतात, शिक्षक कमी झाले की आणखी पट घसरतो. मूड जातो. उतारा म्हणून लगेच मातृभाषेवर एक खणखणीत भाषण ठोका. आपण पाचवीत पहिल्यांदा ए-बी-सी-डी गिरवली आणि तरी साहेब झालो, हे सांगा. २०००पासून पहिलीलाच इंग्रजी आल्यामुळे हा पराक्रम आता दुसऱ्या कोणाला करता येणार नाही, हेही सांगा. मराठी माध्यमाने विचारांचा पाया पक्का होतो म्हणा, टाळ्या पडतील. तुमची मुलं कुठल्या शाळेत शिकली असं मुख्याध्यापक विचारणार नाहीत, त्यांना देणगी हवी आहे. फक्त नातवाचा फोन नेमका त्याच वेळी आला तर बाहेर जाऊन घ्या. 'येस बेटा, आजोबा इज इन स्कूल' हे माईकवर फार स्पष्ट ऐकू येतं.

जेवणाच्या रांगेत दुसरी परीक्षा असते. दहावीचे मार्क आता कोणी काढत नाही. 'तुझं किती?' 'साडेआठ.' 'माझं सहा पॉइंट दोन.' एचबीए१सी या रक्तातल्या साखरेच्या तपासणीत मधुमेहाची रेघ साडेसहावर आहे, त्यामुळे इथे रेघेच्या खाली राहील तो पास. कमी मार्क पाडून पहिलं यायची आयुष्यातली ही एकमेव संधी, आणि नेमके कायम पहिले येणारेच इथेही सगळ्यात वरचा आकडा घेऊन उभे असतात. त्यांना जिलबीचा आग्रह करू नका. ते स्वतःहून घेतात, 'आजच्या दिवस' म्हणून. याच रांगेत तुम्हाला एक एनए प्लॉट, एक म्युच्युअल फंड आणि दोन स्थळं सांगून येतील. प्लॉट नाकारा, फंडाला 'मुलगा बघतो' म्हणा, स्थळांचे बायोडेटा घेऊन ठेवा. मुलीचे वडील वर्गात कच्चे होते की पक्के, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पत्रिकेपेक्षा ते बरं.

निघताना 'दर वर्षी भेटायचं' असा ठराव एकमताने करायचा. पुढच्या वर्षी निम्मे येतील, त्याच्या पुढच्या वर्षी ग्रुपवर फक्त सुप्रभात येईल. त्याची काळजी आज नको.

हिशोब मात्र त्याच संध्याकाळी पुरा करा. खर्चाच्या बाजूला मोठा आकडा एकच, मांडववाल्याचं बिल. जेवण उत्तम झालेलं असतं, त्यामुळे घासाघीस करायला जीभ जरा अडखळते. तरीही करा. 'अरे, आपल्याच वर्गातला आहेस तू' हे वाक्य त्यासाठीच राखून ठेवलेलं आहे. दिवसभरात कोणी वापरलेलं नसल्यामुळे ते चांगलं लागू पडतं. तो हसेल, खिशातला पेन काढेल आणि बिलावरचा आकडा खोडून पाच हजार कमी लिहील. सरांच्या घरी दोन डबे पोचवलेत, एसटी पकडणाऱ्या बायकांना वाटेत खायला बांधून दिलंय, असंही सांगेल. त्याचे पैसे त्याने धरलेले नसतात. तुम्ही आठवण करू नका.

या वाचलेल्या पैशांत शिल्लक वर्गणी घाला आणि शाळेला पाण्याचा कूलर द्या. कूलर पंचवीस लिटरचा चालेल, वरची संगमरवरी पाटी मात्र लांबून वाचता आली पाहिजे. 'मार्च १९८३ बॅचकडून सप्रेम', खाली देणगीदारांची नावं, पदासकट, 'निवृत्त' हा शब्द बारीक टाइपात. एखादा भाबडा माणूस विचारेल, पाच हजार त्याने सोडले, तर त्याचंही नाव टाकूया का? त्याला नियम दाखवा. पाटीवर वर्गणी भरलेल्यांचीच नावं येतात, आणि त्याच्याकडे वर्गणी मागायला कोणी गेलंच नव्हतं.