मर्दानगी उपदेशाने बदलत नाही

पुरुष साहेबांनी 'संवेदनशील' कसं व्हावं, यावर हल्ली नेतृत्वाच्या कार्यशाळांत आवर्जून एक सत्र असतं. मंडळी माना डोलावतात आणि सोमवारी पुन्हा तोच चढा आवाज सुरू होतो. कारण बढती अजूनही त्याच आवाजाला मिळते, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं.

नेता म्हणजे पुरुषच, ही समजूत जुनी आहे. 1840 साली स्कॉटिश लेखक थॉमस कार्लाइलने व्याख्यानांत मांडलं की जगाचा इतिहास म्हणजे थोर पुरुषांची चरित्रं. त्यानंतर पार 1973 मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया शाइन यांनी विमा कंपन्यांतल्या 300 पुरुष मॅनेजरांपुढे 92 गुणविशेषांची यादी ठेवली. कुणी 'पुरुष' कसा असतो ते सांगायचं, कुणी 'स्त्री', तर कुणी 'यशस्वी मॅनेजर'. यशस्वी मॅनेजरचं चित्र पुरुषाच्या चित्राशी बरंच जास्त जुळलं. हे चित्र पुढे फिकट होत गेलंय, पण पुसलं गेलेलं नाही.

मला सगळ्यात जास्त पटलेला अभ्यास मात्र भर समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवरचा आहे. रॉबिन एली आणि डेब्रा मायरसन या दोघी संशोधक तिथे कामगारांमध्ये राहिल्या. पूर्वी तिथे सगळ्यात दांडगा आणि सगळ्यात मोठ्याने ओरडणारा गडी म्हणजे म्होरक्या. भीती वाटली तरी बोलायचं नाही, जमत नसलं तरी विचारायचं नाही. कंपनीने सुरक्षिततेला खरोखर पहिलं स्थान दिलं आणि चूक सांगणाऱ्याला झापायचं बंद केलं. मग तीच रांगडी माणसं 'मला हे येत नाही, जरा दाखव' असं उघड म्हणू लागली. मन थाऱ्यावर नसेल तर तेही सांगू लागली, कारण तिथे लक्ष विचलित झालं तर जिवाशी गाठ. पंधरा वर्षांत कंपनीतल्या अपघातांचं प्रमाण 84 टक्क्यांनी घटलं, उत्पादनही वाढलं.

'मृदू व्हा' म्हणून कुणी त्यांना शिकवलं नव्हतं! मर्दानगी सिद्ध करण्याची गरजच कामातून निघून गेली, आणि माणसं मोकळी झाली. पुरुषांना मुळात मनातलं बोलताच येत नाही असं म्हणतात, ते म्हणूनच मला अजिबात मान्य नाही.

तेव्हा कार्यशाळेचा खर्च करण्याआधी संस्थांनी बढतीचे निकष तपासावेत. धोका दिसताच काम थांबवणारा आणि नवख्याला धीराने शिकवणारा माणूस त्या यादीत कितव्या नंबरवर आहे? आणि हेच सगळं बाई करते तेव्हा 'तिचा स्वभावच तसा' म्हणून ते मोजायचं राहून जातं, तेही त्याच कागदावर आलं पाहिजे.