मामांच्या बॅजचा आकडा कुठं आहे?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या मामांनी परराज्यातल्या एका अणुवीज केंद्रात शटडाऊनची, म्हणजे केंद्र बंद ठेवून करायच्या दुरुस्तीची, कामं केली, कंत्राटी फिटर म्हणून. छातीला बॅज लावून आत जायचं, काम संपलं की तो जमा करायचा. अंगाला किती किरणोत्सर्ग लागला ते त्या बॅजवरून कळतं, एवढं त्यांना ठाऊक होतं. आकडा त्यांना कधी कुणी सांगितला नाही. पुढं रक्ताचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी विचारलं, "किरणोत्सर्गाचा डोस किती होता?" मामी माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या.

गेल्या मिरगाला मामा गेले.

त्या कामामुळंच कॅन्सर झाला असं मी म्हणत नाही. अणुकेंद्राचं तोंडही न बघितलेल्यांना तो होतो. म्हणून तर नोंद हातात पाहिजे.

अमेरिकेनं 2000 साली अण्वस्त्र कारखान्यांतल्या कामगारांसाठी कायदा केला. जुन्या नोंदींवरून डोस काढतात आणि कॅन्सर कामामुळं झाल्याची शक्यता मोजतात. ती 50 टक्के किंवा जास्त भरली तर दीड लाख डॉलर आणि उपचाराचा खर्च. हिशेबात जी अनिश्चितता असते तिचा फायदा कामगाराला देतात, अंदाजाचं वरचं टोक धरतात. नोंदी अपुऱ्या असल्या तर काही गटांना 22 ठरावीक कॅन्सरसाठी डोस न काढताच भरपाई. सल्लागार मंडळाच्या बैठका खुल्या असतात, इतिवृत्त कुणीही वाचावं. तिथंही दावे फेटाळले जातात, लोक वर्षानुवर्षं भांडतात. पण आकडा समोर ठेवून भांडतात. ब्रिटनच्या 1982 पासूनच्या योजनेत तर शक्यता 20 टक्के असली तरी भरपाईचा काही हिस्सा मिळतो.

आपल्याकडं मोजत नाहीत असं नाही. शेजारच्या उत्तर कन्नड (कारवार) जिल्ह्यात, कैगाच्या अणुवीज केंद्रात, 2009 मध्ये पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियम (किरणोत्सर्गी हायड्रोजन) मिसळलं गेलं, तेव्हा ते कामगारांच्या लघवीच्या तपासणीतच सापडलं. कामगाराच्या डोसला वर्षाला सरासरी 20 मिलिसिव्हर्ट (डोस मोजायचं एकक) ही मर्यादाही आहे. 1923 च्या भरपाई कायद्यानं किरणोत्सर्गाचे आजार व्यवसायजन्य मानले, पण एकाच मालकाकडं सलग सहा महिने नोकरीची अट घातली. मामांचं काम दीड-दोन महिन्यांचं, दरवेळी कॉन्ट्रॅक्टर वेगळा. ते सहा महिने कुठून जोडायचे?

माझं म्हणणं एवढंच: काम सुटताना प्रत्येकाच्या हातात त्याच्या डोसचा कागद द्या, आणि दावा नाकारलात तर कुठल्या हिशेबानं तेही लिहून द्या. कामगाराला वाचता येईल अशा भाषेत. न कळणाऱ्या भाषेतली नोटीस घेऊन वाचणारा शोधत फिरणं काय असतं, ते आपल्या सीमाभागाला सांगायला नको.

मामींनी ट्रंकेतून तीन गेटपास काढून दिलेत. त्यांवरच्या तारखा घालून मी माहिती अधिकाराचा अर्ज लिहिलाय. तुमच्याही घरी असे पास, पगाराच्या चिठ्ठ्या असतील तर टाकू नका. मला कळवा, अर्ज लिहायला मी येतो.