बायोडाटा बनवताय? मग हात आखडू नका

घरात कोणी लग्नाचं आहे? मग बायोडाटा बनवताना कंजूषपणा करू नका राव. वर गणपती आणि खाली सगळं. पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ मिनिटासकट, जन्मठिकाण. ज्योतिषाला लागतं ना, आणि उद्या कोणाला तुमच्या मुलीच्या नावावर सिमकार्ड काढावंसं वाटलं तर त्या बिचाऱ्याने माहितीसाठी कुठे वणवण करायची? गावी ४ एकर बागायत, पुण्यात वन बीएचके, त्याचा पत्ता विंग आणि फ्लॅट नंबरसकट. वडिलांचा मोबाइल, तो नाही लागला तर काकांचा.

मामाचं नाव-आडनाव तर पाहिजेच, त्याशिवाय बायोडाटाला वजन नाही. आता 'आईचं माहेरचं आडनाव काय' हा प्रश्न बँका वर्षानुवर्षं ओळख पटवायला विचारत आल्यात हे खरंय, पण मामाचं आडनाव म्हणजेच ते, हे त्या चोरांना कसं कळणार, त्यांना काय मामा नसतात!

मग ते पीडीएफ झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सॲपवर टाका. मी परवा गेलो तर त्याने माझी फाइल शोधता शोधता आधी दोन अनोळखी बायकांची पॅनकार्डं उघडली, मग कोणाचा तरी सातबारा, आणि मला विचारतो, ह्यातलं तुमचं कुठलं? रंगीत प्रिंट १० रुपये, बाकीचं दर्शन फुकट.

पुढचं काम आत्या करते. ती वधू-वर ग्रुपवर टाकते, एकेका ग्रुपात १०२४ पर्यंत माणसं मावतात, आणि ॲडमिन कोण ते आत्यालाही माहीत नाही पण रोज सकाळी सुविचार टाकतो म्हणजे माणूस चांगलाच असणार. समोरच्याने आधार मागितलं की दोन्ही बाजूंचे स्वच्छ उजेडात काढलेले फोटो द्या. ते मास्क्ड आधार असतं ना, पहिले ८ आकडे झाकून शेवटचे ४ दाखवणारं, ते चुकूनही देऊ नका, लोक म्हणतील मुलात काहीतरी खोट आहे.

२४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे. मी आत्याला हे सांगितलं. ती म्हणाली, "लपवायला काय भानगड आहे का तुझी?" नऊच्या नऊ जण गार.

आमच्या चुलतभावाचं लग्न होऊन दोन वर्षं झाली, पोराचं बारसं पण झालं, तरी त्याचा बायोडाटा अजून फिरतोय. गेल्या रविवारी काकांना फोन आला, स्थळाबद्दल बोलायचं होतं. काकांनी झालं म्हणून सांगितलं, पण मुलीकडचे निघाले आपल्याच तालुक्यातले, मग काय, अर्धा तास गप्पा, आणि जाता जाता काकांनी धाकट्याचा बायोडाटा पाठवून दिला.