नायट्राइल हातमोजे आणि बॅरिअर क्रीमविषयीच्या तक्रारीस उत्तर

महोदय,

सप्रेम नमस्कार. आमच्याकडून नेलेले निळे नायट्राइलचे (एका कृत्रिम रबराचे) हातमोजे अर्ध्या तासात फाटले, बॅरिअर क्रीम (कातडीवर संरक्षक थर देणारे मलम) चोळूनही गॅरेजमधील पोरांच्या हातांचा काळेपणा गेला नाही, त्यापेक्षा पेट्रोलने हात धुणे स्वस्त पडते आणि उरलेला माल परत घ्यावा, असे आपण दुकानाला एक तारा (सर्वांत कमी गुण) देऊन लिहिले आहे.

ब्रेकचे सुटे भाग थिनरच्या डब्यात धुताना हातमोजे बोटांच्या टोकांशी फुगले, चिकट झाले आणि मग फाटले, हे आपणच नोंदवले आहे. नायट्राइल इंजिन ऑइल, ग्रीस व डिझेल यांपुढे टिकते. अ‍ॅसिटोनसारखे द्रावक असलेला थिनर किंवा ब्रेक क्लीनर त्याला मऊ करतो, मग हातमोजे कोणत्याही कंपनीचे असोत. लॅटेक्सचे हातमोजे तर साध्या खनिज तेलातही फुगतात. थिनरमध्ये हात बुडवूच नये, लांब दांड्याच्या ब्रशने भाग धुवावेत, असे आम्ही गिऱ्हाइकांना सांगतो. फिरत्या ड्रिलजवळ, लेथवर किंवा फॅन बेल्टपाशी मात्र हातमोजे काढूनच काम करावे. ते गुंतले तर बोटही सोबत ओढले जाते.

क्रीम काम संपल्यावर लावायचे नसून कामाला बसण्यापूर्वी, स्वच्छ व कोरड्या हातांना, नखांच्या कडांपर्यंत चोळायचे असते. त्याने हात काळे होणे थांबत नाही, पण मळ कातडीला घट्ट धरत नाही आणि साबणाने लवकर निघतो. काळ्या झालेल्या हातांसाठी दाणेदार हँड क्लीनर वेगळा मिळतो. तोही आधी पाणी न लावता कोरड्या हातांवर, ग्रीस सुटून करडा लगदा होईपर्यंत चोळावा आणि मगच धुवावा. बहुतेक जण आधी नळाखाली हात धरतात आणि तिथेच त्याचा जोर जातो. नखांसाठी जुना उपाय फुकटचा आहे: कामाआधी साबणाच्या वडीवर नखे ओरखडावीत, म्हणजे आत साबण बसतो व ग्रीसला जागा उरत नाही.

पेट्रोलचा सल्ला मात्र कृपया कोणाला देऊ नये. पेट्रोलमध्ये कर्करोगकारक बेंझिन असते, शिवाय ते कातडीचा नैसर्गिक स्निग्धांश काढून टाकते. मग भेगा पडतात आणि वापरलेले ऑइल त्याच भेगांत मुरते. इंग्लंडमधील सूतगिरण्यांत चात्यांच्या (सूत कातणाऱ्या फिरत्या दांड्यांच्या) तेलाने वर्षानुवर्षे भिजणाऱ्या कामगारांना त्वचेचा कर्करोग होतो, हे 1922 मध्येच वैद्यकीय नियतकालिकात मांडले गेले होते, आणि गिरण्या-यंत्रमागांच्या सोलापुरात तेलकट हात कोणाला नवे नाहीत. आजची शुद्ध केलेली तेले त्या मानाने पुष्कळ बरी आहेत. परंतु इंजिनमध्ये जळून काळे झालेल्या ऑइलमध्ये तसलीच घातक द्रव्ये पुन्हा साचतात.

आपल्या तक्रारीतील एक मुद्दा रास्त आहे: सोलापूरच्या मे महिन्यात हे हातमोजे घामाने आतून निथळतात. त्यावर आत पातळ सुती हातमोजा घालणे किंवा जोडी लवकर बदलणे, एवढाच इलाज आहे, आणि त्याचा खर्च वाढतो हे खरे.

हातमोज्यांचा फोडलेला खोका परत घेता येणार नाही. क्रीमच्या न उघडलेल्या ट्यूब बिलासह आणल्यास पूर्ण रक्कम परत मिळेल, किंवा त्याच किमतीचा हँड क्लीनर नेता येईल.

आपला,
दुकानमालक