हात लावू देत नाहीत, मग जायचं कशाला?

दुपारच्या मीटिंगपासून डोकं फिरलंय. ऑपरेशन थिएटर (ओटी) संपलं, घरी आले, जेवले, तरी ते काही डोक्यातून जात नाही. म्हणून लिहायला बसलेय.

आमच्या युनिटमधल्या एका तरुण सर्जनला परदेशातली ट्रॅव्हलिंग फेलोशिप मिळाली आहे. सहा आठवडे, चार रुग्णालयं, विषय लहान मुलांची हाडं. तिने रजेचा अर्ज पुढे केला. एका ज्येष्ठांनी तो न वाचताच विचारलं, "तिथे पेशंटला हात तरी लावू देतात का? की नुसतं उभं राहून बघायचं?" सगळे हसले. अर्ज 'नंतर बघू'च्या गठ्ठ्यात गेला. ती गप्प राहिली. मीही गप्प राहिले, आणि रात्रीचे अकरा वाजले तरी जळतंय ते हेच.

नाही लावू देत हात. त्या देशाचं लायसन्स नसेल तर बहुतेक ठिकाणी पेशंटला हात लावता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. उद्या आपल्या ओटीत कुणी पाहुणा येऊन सुरी मागू लागला तर आपण देऊ का?

मी अशाच फेलोशिपला गेले होते तेव्हा मलाही कुणी हात लावू दिला नव्हता. एका क्लिनिकमध्ये आम्ही सहा पाहुणे भिंतीला टेकून उभे होतो. टेबलावर तीन आठवड्यांचं बाळ, दोन्ही पावलं जन्मतः आत वळलेली. क्लबफूट. बाळ आईच्या हातातली बाटली ओढत होतं. त्या सर्जनने प्लास्टर घेण्याआधी कितीतरी वेळ नुसतं पाऊल चाचपलं. अंगठा टॅलसच्या, म्हणजे घोट्यातल्या हाडाच्या, डोक्यावर, दुसऱ्या हाताने पुढचा पाय हळूहळू बाहेर. जोर असा कुठेच नाही. मग कापसाचा पातळ थर, त्यावर प्लास्टर, टाचेवर मोल्डिंग, म्हणजे ओल्या प्लास्टरला हाताने आकार देणं. गुडघ्यापर्यंतचं झालं, बाळ झोपलं. मांडीपर्यंत वर न्यायचं तेवढं बाकी होतं.

आणि ते थांबले. टाचेवरून बोट फिरवलं, आईकडे वळून म्हणाले, "हे मला नीट जमलं नाही. मी पुन्हा करतो." कात्री घेतली आणि ते ओलं प्लास्टर कापून काढलं. आम्हा सहा जणांसमोर! बाळ उठलं, रडलं, बाटली परत तोंडात गेली, आणि सगळं पहिल्यापासून सुरू झालं.

माझ्या त्या फेलोशिपच्या पंधरा दिवस आधी मी एका बाळाला असंच प्लास्टर घातलं होतं. मोल्डिंग मनासारखं झालेलं नव्हतं, ते मला तेव्हाच कळलं होतं. पण ओपीडीची रांग दारापर्यंत गेलेली, रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, बघत होते. जाऊ दे म्हटलं. आठवड्याने बाळ आलं तेव्हा बोटं प्लास्टरच्या आत गेलेली. प्लास्टर घसरलं की असंच होतं. एक आठवडा त्या बाळाचा वाया, माझ्यामुळे. भिंतीला टेकून उभी होते तेव्हा डोळ्यांसमोर तीच आत गेलेली बोटं होती.

हे पुस्तकात मिळतं का? क्लबफूट प्लास्टरने सरळ करायची पोन्सेटी पद्धत पुस्तकात आहेच. दर आठवड्याला एक अशी साधारण पाच-सहा प्लास्टरं, बहुतेकांना शेवटी टाचेमागचा टेंडन कापायची छोटीशी प्रक्रिया, तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर, मग ब्रेस, म्हणजे पाय परत वळू नयेत म्हणून दांडीला जोडलेले बूट: पहिले तीन महिने दिवसाचे 23 तास, नंतर चारेक वर्षांचं होईपर्यंत झोपेत. आम्हा सगळ्यांना पाठ आहे. पण ती शोधणाऱ्या डॉ. पोन्सेटींनी स्वतः अमेरिकेतल्या आयोवात बसून 1963 मध्ये निकाल छापले आणि तरी तीसेक वर्षं जग लहान मुलांचे पाय मोठ्या ऑपरेशनने उघडत राहिलं. छापलेलं होतं की सगळं! अंगठा कुठे ठेवायचा हे जवळ उभं राहून बघावं लागतं.

आमच्या क्षेत्रातली अमेरिका, ब्रिटन, कॅनडा यांची 'एबीसी' फेलोशिप 1948 पासून चालू आहे. नुकतंच महायुद्ध संपलेलं, आणि तरी त्या लोकांना एकमेकांच्या ओटीत जाऊन उभं राहणं गरजेचं वाटलं. ते काय फिरायला जात होते?

आता, फेलोशिपच्या नावावर निव्वळ फोटो आणि सर्टिफिकेट घेऊन येणारे आहेत. ठीक आहे, आहेत. सहा आठवडे युनिटवर ताण येतो, तेही खरं.

पण मला परत परत ते कापलेलं प्लास्टरच दिसतं. त्या दिवसानंतर मी किती प्लास्टरं कापून परत घातली याची मोजदाद नाही. पहिल्यांदा रेसिडेंटसमोर "हे नीट झालं नाही" म्हणताना तोंड कोरडं पडलं होतं. आता नाही पडत. आमचे रेसिडेंटही आता स्वतःहून सांगतात, "मॅडम, हे परत घालतो." ज्यांनी आज हसून विषय संपवला त्यांना हे कुठून आलं ते ठाऊक नाही, कारण मी कधी सांगितलंच नाही. आजही सांगितलं नाही.

तू हे वाचत असशील तर ऐक. उद्या सकाळी राउंडच्या आधी अर्ज माझ्या टेबलावर आणून ठेव. सहाही आठवडे तुझं क्लबफूट क्लिनिक मी बघते, तसं लिहून सही करते आणि तो गठ्ठ्यातून वर काढायला स्वतः जाते. ब्रेसवाल्या मुलांची यादी तेवढी मला देऊन जा, त्यांच्या आया तारीख चुकली की फोन करत नाहीत, आपल्यालाच करावा लागतो.