काढायचीच आहे!

मराठीत ‘गाडी काढणे’ या एकाच प्रयोगाचे तीन अर्थ होतात. बाहेर जायचं तर आपण गाडी काढतो. कर्ज करून नवी घेतली तरी लोक विचारतात, “काय, गाडी काढली म्हणे!” आणि जुनी विकून टाकली तरी ती काढलीच. त्यामुळे एखादा माणूस तीन वर्षं “गाडी काढायचीच आहे” असं म्हणत राहिला, तर तो नक्की काय करणार आहे हे त्याच्या बायकोलाही सांगता येत नाही. ती बायको म्हणजे माझी बहीण आणि तो माणूस म्हणजे आमचे दाजी. गेल्या रविवारी त्यांची गाडी भर दुपारी रस्त्याच्या कडेला ढकलत नेण्याचं भाग्य मला लाभलं. (दाजी स्टिअरिंगवर, मी मागे. ढकलणारा हा कधीच गाडीचा मालक नसतो.) ढकलता ढकलता जे ज्ञान झालं ते, जुनी गाडी ठेवावी की बदलावी या विवंचनेत असलेल्या तुम्हा सर्वांच्या पदरात घालतो आहे.

पहिली आणि मुख्य गोष्ट, काहीही ठरवू नका. ठरवलं की कामाला लागावं लागतं. ठेवायची म्हटलं तर तिची नीट देखभाल आली आणि विकायची म्हटलं तर गिऱ्हाईक शोधणं आलं. न ठरवणारा दोन्हीतून सुटतो. त्यासाठी फक्त दोन वाक्यं पाठ हवीत. मेकॅनिकने काम सांगितलं की म्हणायचं, “काढायचीच आहे, आता कशाला पैसे घाला.” आणि घरच्यांनी विकायचा विषय काढला की म्हणायचं, “आत्ताच एवढा खर्च केलाय, वसूल नको व्हायला?” ही दोन वाक्यं आलटूनपालटून वापरली की गाडी कधी धड दुरुस्त होत नाही आणि कधी विकलीही जात नाही.

हिशेब चुकूनही मांडू नका. गेल्या बारा महिन्यांत जुन्या गाडीवर गॅरेजमध्ये किती गेले हे कागदावर लिहायचं, शेजारी नव्या गाडीची वर्षाची घट, कर्जाचं व्याज आणि वाढलेला विमा लिहायचा, असले उद्योग करणाऱ्यांना फार लवकर उत्तर सापडतं आणि मग बोलायला विषय उरत नाही. नव्या गाडीची किंमत पहिल्या काही वर्षांत सगळ्यात वेगाने उतरते, जुनीची उतरायची तेवढी उतरून झालेली असते, त्यामुळे बऱ्यापैकी खर्च करूनही जुनी स्वस्त पडू शकते, हे कळलं तर नव्या गाडीच्या शोरूमचा चहा गोड लागत नाही. त्यापेक्षा “गाडीच्या किमतीपेक्षा दुरुस्तीच महाग” हे वाक्य भारदस्त आवाजात फेकावं. दुरुस्तीची तुलना गाडीच्या भंगारभावाशी करायची नसते, ती केल्यावर गाडी आणखी किती वर्षं बिनघोर चालेल याच्याशी करायची असते, हे सांगणारा माणूस बैठकीतून उठवून लावावा.

बॅटरी बसली? नवी गाडी घ्या.

थट्टा नाही. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, बॅटरी, ब्रेक पॅड आणि वायपर एकाच महिन्यात बदलायला आले म्हणून “आता ही काम काढायला लागली” असं म्हणत त्यांनी चांगली ठणठणीत गाडी देऊन टाकली. झिजणाऱ्या वस्तू झिजल्या होत्या, एवढंच. त्या नव्या गाडीतही झिजणार आहेत, तेव्हा तीही देऊन टाकतील. त्यांची जुनी गाडी ज्याने घेतली तो आजही मजेत फिरतो आणि अधूनमधून त्यांना रस्त्यात हॉर्न वाजवून नमस्कार करतो.

गॅरेजच्या दारात पोचल्याबरोबर आवाज बंद होतो, त्याबद्दल मी काही लिहीत नाही.

सायलेन्सरमधून धूर येत असेल तर त्याच्या रंगांचा आनंद घ्या. निळसर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. काळा म्हणजे इंधन धड जळत नाही. आणि गरम इंजिनातूनही दाट पांढरा धूर येतच राहिला तर इंजिन गार ठेवणारं कूलंट सिलिंडरमध्ये शिरतंय, म्हणजे हेड, इंजिनाचं वरचं झाकणच, खोलायची वेळ आली. या तिन्हींचा खर्च सारखा नाही आणि गाडी ठेवायची की नाही हे ठरवायला याहून स्वस्त तपासणी नाही. म्हणून तर मागे वळून बघायचं नाही.

गंजाला रंग मारा. दाराच्या खालच्या कडेला फोड आला तर तो दिसण्यापुरता असतो. पण चॅसीवर म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, सस्पेन्शन जिथे बसतं तिथे, जॅक लावतात तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचल्यावर तो आत गेला, तर ती गाडी संपली, मग इंजिन कितीही गोड गात असो. तेव्हा टोचू नका.

टायमिंग बेल्टबद्दल तर विचारूच नका. व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताल जुळवणारा, इंजिनागणिक साधारण साठ हजार ते दीड लाख किलोमीटरच्या दरम्यान बदलायचा तो पट्टा. तो आवाज करत नाही, दिवा लावत नाही, निरोप पाठवत नाही. एक दिवस तुटतो आणि बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भिडतात. तुम्ही ही गाडी दुसऱ्याकडून घेतली असेल आणि आधीच्या मालकाने पट्टा कधी बदलला हे माहीत नसेल, तर उत्तम. न ठरवणाऱ्यांच्या वतीने पट्टाच ठरवेल.

आता रविवारकडे येतो.

चार महिन्यांपूर्वी मेकॅनिकने बॉनेट उघडून रेडिएटरचा वरचा होज पाइप दाजींना दोन बोटांनी दाबून दाखवला होता. मी शेजारी उभा होतो. रबर लिबलिबीत झालेलं, क्लिपेपाशी फुगवटा, त्यावर बारीक चिरा. “हा आत्ताच बदलून टाका, कधीही जाईल,” तो म्हणाला. हातभर लांबीचा पाइप. टाकीभर इंधनाला पडतात तेवढेसुद्धा पैसे लागणार नव्हते. दाजींनी पहिलं वाक्य म्हटलं. मेकॅनिकने बॉनेट बंद केलं. त्याने कूलंट थोडं वरून भरून दिलं, त्याचेही पैसे घेतले नाहीत.

रविवारी चढ लागला तेव्हा गाडीत गोडसर वास यायला लागला. कूलंटचा वास असा येतो. ताई म्हणाली, “कसला वास येतोय?” दाजी म्हणाले, “बाहेरचा आहे.” काचा बंद होत्या. मग काटा वर सरकला. मी म्हटलं, दाजी, बाजूला घ्या. “आलंच की जवळ.” काटा लाल पट्ट्यात गेला, बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली. मी म्हटलं, निदान हीटर तरी पूर्ण सोडा, थोडी उष्णता आत ओढली जाईल. “या उन्हात हीटर?” आणि तेवढ्यात काटा झरझर खाली आला! दाजींचा चेहरा उजळला. “बघ! झाली गार! उगाच घाबरवत होतास.”

अहो, कशी गार होईल? तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तोवर काटा खरं बोलतो. पाइप फुटून सगळं बाहेर सांडलं, सेन्सर उघडा पडला, की काटा खाली येऊ शकतो. रुग्णाची नाडी लागेना म्हणून ताप उतरला म्हणायचं, तसलाच हा प्रकार. त्या आनंदात दाजींनी आणखी दोन किलोमीटर गाडी हाणली. मग खडखड झाली, एक आचका आला आणि सगळं शांत. खाली उतरून या गृहस्थांनी काय करावं? खिशातून रुमाल काढला आणि रेडिएटरचं झाकण फिरवायला निघाले. मी हात धरला म्हणून आज ते फोनवर माझ्याशी वाद घालू शकतात. आतलं पाणी दाबाखाली असतं, शंभर अंशांच्या पुढे तापूनही ते उकळत नाही, आणि झाकण उघडून दाब सुटला की एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. हे शाळेत शिकलेलं असतं, दाजींनी आणि तुम्हीही. झाकण कशाला, पाइप बदलायचा होता, चार महिन्यांपूर्वी, हातभर लांबीचा!

अॅल्युमिनियमचं हेड तापून वाकलं. हेड आणि इंजिन यांच्यामधलं गॅस्केट गेलं. गॅरेजमध्ये ऑइलचं टोपण काढलं तर खाली दुधी मलमासारखा लगदा, तेलात पाणी मिसळल्याचा. मेकॅनिक काही बोलला नाही. त्याने फक्त तो फाटका पाइप दाजींच्या हातात दिला.

असो. सल्ले देत होतो.

“जुन्या गाड्यांचा पत्रा काय जाड! ठोकली तरी चरा पडत नाही!” हे अभिमानाने सांगत चला. पत्र्याला काही होत नाही हे खरंच, पण धडकेचा जोर कुठेतरी जातोच. पुढचा भाग चुरगळून तो जोर गिळावा म्हणून गाड्या मुद्दाम तशा बनवायला लागले. जी गाडी चुरगळत नाही तिच्यात आतला माणूस चुरगळतो. खांद्यावरून येणारा तीन टोकांचा सीटबेल्ट 1959 साली व्होल्वोने आणला, ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी इलेक्ट्रॉनिक एबीएस 1978 मध्ये बॉश आणि मर्सिडीजने, गाडी घसरताना सावरणारी ईएससी 1995 मध्ये. तुमच्या गाडीत यातलं काय आहे आणि काय नाही हे बघून ती बदलायचा विचार केलात, तर तो रंगाला कंटाळून किंवा साडूने नवी घेतली म्हणून केलेल्या विचारापेक्षा बरा. म्हणून तो कोणी करत नाही.

काल दाजींचा फोन आला. आवाजात भलताच उत्साह. “हेडचं काम झालं रे. फेसिंग करून सपाट केलं, गॅस्केट नवीन, पाइपसुद्धा सगळे नवीन टाकले. इंजिन एकदम मख्खन! आता एवढा खर्च झालाय तर वसूल झाल्याशिवाय काढत नाही.” दुसरं वाक्य आलं. मी विचारलं, आणि टायर? ब्रेक? “त्याला कशाला हात लावायचा? पुढच्या वर्षी काढायचीच आहे.” लगेच पहिलंही आलं. एकाच दमात दोन्ही वाक्यं म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच ऐकला.

टायरचं मी का विचारलं ते सांगतो. ढकलताना तोंड खाली होतं, दुसरं काही बघायला नव्हतं. टायरच्या बाजूला ओळीच्या शेवटी चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन सालाचे. मागच्या डाव्या टायरवर होतं 2314. म्हणजे 2014 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी अजून आहे, दाजी तीच दाखवतात. पण नक्षीच्या खोबणीत बोट घालून बघा, तळाशी भेगाच भेगा. टायर बनवणाऱ्या कंपन्याच सांगतात, दहा वर्षं झाली की नक्षी कितीही शाबूत असली तरी काढून टाका. ब्रेक ऑइलचं तेच. ते हवेतली ओल शोषत राहतं, त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, म्हणून दर दोनेक वर्षांनी बदलायला सांगतात. नाही बदललं तर रोजच्या रस्त्यावर काही कळत नाही. लांब उतारावर ब्रेक तापतात, ते तेल उकळतं, नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पाय थेट पत्र्याला टेकतो. गाडी थांबत नाही.

दाजी, वाचत असाल तर ऐका, आणि दाजींसारखे बाकीचेही. तुमच्या त्या ‘ठेवू की काढू’चा काय घोळ घालायचा तो घाला. आणखी तीन वर्षं घाला. कोणी आडवं येत नाही. गाडी जुनी आहे याची लाज वाटायचं कारण नाही, मीही जुनीच चालवतो. पण उद्या विकायची आहे म्हणून आज तिला ब्रेक नकोत, हे कुठून आलं? काढायची असेल तेव्हा काढा, पण आज तिच्यात माणसं बसतात ना? त्या डाव्या टायरच्या बरोबर वर माझी ताई बसते. पायी जाणाऱ्या माणसाला तुम्ही ही गाडी पुढच्या वर्षी विकणार आहात हे माहीत नसतं, आणि माहीत असून त्याला उपयोगही नसतो. इंजिन बंद पडलं तर मी ढकलीन, कुरकुरत का होईना. ब्रेक लागले नाहीत तर मी कुठे येऊ आणि काय ढकलू?

उद्या सकाळी नऊला मी येतोय. चाव्या काढून ठेवा. टायर आणि ब्रेक ऑइल करून संध्याकाळी गाडी परत आणून लावतो, पैसे नंतर बघू. आणि ताईला सांगून ठेवलंय, तोवर तिने त्या गाडीत बसायचं नाही.